साध्या पाण्याच्या अळ्या

दातांच्या डॉक्टरांकडे एक मावशी आणि तिची भाची माझ्या शेजारी नंबरची वाट बघत बसल्या होत्या.

"तुझ्या प्रयोगातल्या अळ्या मेल्या म्हणे. अभिनंदन!"

"सगळ्या मेल्या, मावशी. तेच तर रडगाणं आहे."

"अगं, पिकावरच्या अळ्या मारायलाच मातीतले जीवाणू शोधत होतीस ना?"

"हो. पण काही डब्यांत जीवाणू नव्हतेच. तुलनेसाठी नुसतं पाणी शिंपडलं होतं. त्यातल्याही मेल्या."

"साध्या पाण्याने?"

"झुरळं मारणाऱ्यांनी! ऑफिसने त्यांना कँटीनसाठी बोलावलं होतं. आमच्या दारावर पाटी 'कीड नियंत्रण विभाग'. त्यांना वाटलं, ही आपलीच खोली. आत अळ्या दिसल्यावर काय, जीव तोडून फवारलं."

"अगंबाई! साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हणाले, पाण्याचे डबे हिशेबात धरूच नकोस. मग शंभर टक्के यश!"

"पण तुझा जीवाणू खरंच अळी मारतो का?"

"आता कोण बघणार? पुन्हा करते म्हटलं, तर म्हणाले, यश कोणी पुन्हा तपासतं का? आता शेतकऱ्यांना या जीवाणूच्या बाटल्या वाटणार आहेत. वर माझं नाव."

"आणि अळी नाही मेली तर?"

"शिव्यासुद्धा माझ्याच नावाने."

"कठीण आहे बाई. पण तू कशाला नंबर लावलास? दात तर धड आहेत तुझे."

"संध्याकाळी सत्कार आहे. साहेबांनी बजावलंय, फोटोत छान दात काढून उभी राहा."

"मग?"

"म्हटलं, आधीच काढून घ्यावेत."