आधी चपला, मग बाहुली

— न्हाई बाई, खुर्ची नको, सतरंजीवरच बसते. अंगणवाडीत म्हातारी खुर्चीवर बसली की तालुक्याहून साहेब आल्यासारखं दिसतं. तुमी आवरा तुमचं. बाकीची पोरं गेली ना सगळी? बरं झालं. अर्पिताला खेळू द्या त्या कोपऱ्यात, तिला मी संगंच नेते. मी तिची आजी, गोजरबाई. आदिनाथची आई. तुमी केदारखेड्यात नव्या, म्हणून सांगितलं. रामरावांची धाकटी सून ना तुमी, मोनाली? चार महिने झाले असतील लग्नाला — हातात हिरवा चुडा आहे अजून. बोलणं कमी आहे म्हणतात तुमचं. चांगलं आहे. सुनेला ते शोभतं.

लय कौतुक ऐकून राह्यले मी. आधीच्या बाई पोरांना बाराखडी घोकायला लावायच्या आन् स्वतः मेथी निवडत बसायच्या. खेळणी सगळी कपाटात, ती बाहुली तर तीन वर्षं प्लास्टिकच्या पिशवीतून निघाली न्हाई — साहेब आले की तेवढी बाहेर. तुमी आल्या आन् कपाटाचं कुलूपच काढलं. आता म्हणे रोज पोरांनी एकेक खेळणं उचलायचं आन् त्याची गोष्ट सांगायची. बस रुसती, बैल शाळेत जातो, कांताबाईच्या नातवानं तर लाकडी उंटाला जालन्याच्या बँकेत साहेब केलं! हसले मी. खरंच हसले. पोरांनी डोकं लढवावं, बराबर आहे. काय म्हणतात त्याला तुमच्या ट्रेनिंगात — कल्पना? हां, कल्पना. एवढ्याशा लेकराला दुसरं काय असतं? जे पाह्यलं न्हाई तेच सांगत बसतं.

म्हणून तर आले. काल तुमी अर्पिताचा व्हिडिओ काढला, पालकांच्या ग्रुपवर टाकला. आदिनाथ जेवायला बसल्ता, मोबाइल पाह्यला आन् ताटावरून उठला. रागावू नका, तुमचा दोष न्हाई, तुमाला काय माहीत? पण असं व्हतंय बघा, की पोरगी गोष्ट उलटी सांगती. स्टीलच्या वाटीत पाणी घेती, ही विहीर म्हणती. बरं. बाहुली टाकती. बरं. आन् मंग बाटलीची दोन लाल टोपणं आणून वाटीच्या काठाला ठेवती, या आईच्या चपला म्हणती. उलटं झालं ना? आधी चपला, मंग बाहुली. आमच्या विहिरीवर आसरा आहेत, शेंदूर लावलेले सात दगड — चपला घालून कोणी पायरी उतरत न्हाई, आजवर न्हाई. काठावर काढायच्या, हात जोडायचे, मंग खाली. दैवशालाबी — माझी सून, हिची आई — तशीच उतरली, पाय घसरला, संपलं. चपला काठावरच व्हत्या, जोडीनं. पोलिसांनी तसं लिवून नेलंय. सगळ्या गावानं पाह्यल्या.

तर शुक्रवारी तुमचा तो पालक मेळावा. पोरं सगळ्यांसमोर गोष्टी सांगणार, आन् वडीगोद्रीहून हिचा मामा येणार. त्याच्या आत तेवढं पाठ करून घ्या — आधी चपला. तीन दिवस आहेत. तुमाला काय अवघड? न्हाई तर दुसरं खेळणं द्या तिला, बस द्या, उंट द्या. दिला व्हता? आन् ती पुन्हा वाटीकडंच गेली?

अर्पू, ए अर्पू. दाखव बरं ताईला. आजीनं रात्री काय शिकवलं? हं, वाटी. आता काय — न्हाई, बाहुली न्हाई. बाहुली खाली ठेव. आधी काय? ...टाकलीच. पाह्यलं का बाई? काल तीन वेळा हातावर मारलं, तरी बाहुलीच पहिली. आन् टोपणं तिथं निळी आहेत, हिरवी आहेत, ढीगभर — ही लालच शोधून काढती. त्या मामाचंबी तेच. दहाव्याला सगळ्यांसमोर मला म्हणतो, ताई पऱ्हाटीच्या रानात बाजाराला जायच्या लाल चपला घालून गेल्ती का, आत्याबाई? अरे, गेली असंल! माणूस घाईत काय घालतं काय न्हाई! रानातल्या तिच्या काळ्या चपला न्हाणीमागं पडल्या व्हत्या, त्या मला कुठून दिसणार त्या गडबडीत? हाताला आल्या त्या —

तिच्या हाताला. तिच्या म्हणते मी.

असं नका बघू. तुमाला सांगते, चैताचं ऊन व्हतं, ढेकळं तापलेली, आन् ती अनवाणी निघाली घरातून. पोरगा मागं गेला समजूत काढायला. नवरा-बायकोत व्हतंच, तुमच्यात व्हत न्हाई का? मंग तो परत आला. एकटाच आला. गाव विचारणार ना, अनवाणी कशी गेली, कोणी पळवली का तिला? आईला विचार करावा लागतो, बाई. आन् ही कडेवर. झोपली व्हती असं सांगितलंय आमी सगळ्यांना, झोपलीच व्हती बिलकुल, खांद्यावर मान टाकून. एका हातात पोरगी, एका हातात — आता डोळे झाकायला तिसरा हात कुठून आणू मी?

पाणी देता का जरा? राहू द्या. उठू नका.

तुमी फक्त एवढं सांगायचं, की ही गोष्ट मीच शिकवली. ट्रेनिंगात सांगितली व्हती, बाहुलीची, विहिरीची. बस. तुमचं काय जातं? आन् तो व्हिडिओ ग्रुपातनं काढून टाका. काढला? कधी, सकाळी? शहाण्या आहात. कोणी कोणी पाह्यला तोवर? काढायच्या आधी नावं पाह्यली असतील ना? सांगा. कांताबाईची सून, बरं. सरपंचीणबाई. आदिनाथ. अजून?

काय म्हणल्या?

दैवशाला?

तिचा नंबर काढला न्हाई का कोणी ग्रुपातनं? आठ महिने झाले बाईला जाऊन! ...मोबाइल त्या मामाकडंच आहे. दहाव्याला मागून नेला, ताईचे फोटो आहेत म्हणला. मीच दिला काढून. मीच दिला, बाई, ह्या हातानं.

फोन आल्ता का त्याचा तुमाला? आल्ता? ...बोला की.

बरं. नका बोलू. बोलणं कमीच आहे तुमचं, मी म्हणलंच आल्या आल्या. शुक्रवारीबी कमीच बोला. रामरावांचा मळा आमच्या बांधाला लागून आहे, पाण्याला तुमी आमच्याच विहिरीवर येता — किती वाजता येता तेबी दिसतं मला ओट्यावरून.

ऊठ गं अर्पू. ठेव ती बाहुली. ओली झाली तर होऊ दे, ताई वाळवतील.

तुमच्या चपला दारात वेड्यावाकड्या पडल्यात, बाई. बसा तुमी, उठू नका. जाता जाता मी नीट जोडीनं लावून ठेवते.