कोपऱ्यावरचा आयरिश दगड

आई साताऱ्याहून आली की काहीतरी घडतंच. या खेपेला तिच्या तावडीत टाउनशिपचा इंजिनिअर सापडला.

ओटावाबाहेरचं आमचं गाव आयरिश लोकांनी वसवलेलं. पहिली घरं बांधताना त्यांनी रोवलेला दगड अजून कोपऱ्यावर उभा आहे. रस्ता रुंद करायचा म्हणून टाउनशिप तो उपटणार होती. आमची हेरिटेज कमिटी, म्हणजे ऐंशीची मॉरीन, मी आणि आणखी दोघं-तिघं, ईमेल करकरून थकलो होतो. हे सगळं मी आईला सांगितलं. ती नुसती "हं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअर मोजमापं घ्यायला येणार होता, म्हणून मी कोपऱ्यावर गेलो. बघतो तर काय, दगडाला हळदकुंकू, वर माझ्याच बागेतली झेंडूची फुलं, आणि समोर आई हात जोडून उभी! शेजारी मॉरीन. मी रुमाल काढून पुसायला धावलो, तेवढ्यात इंजिनिअर आलाच. त्याने टोपी काढली.

"इज धिस... रिलिजस?"

मी तोंड उघडायच्या आत मॉरीन म्हणाली, "व्हेरी."

त्याने नकाशा गुंडाळला. पलीकडच्या बाजूने रुंद करता येतं का बघतो म्हणाला आणि गेला.

घरी येताना मी वैतागलो. "अगं आई, तो हेरिटेजचा दगड आहे, देव नाही!"

"माहितीये मला," आई म्हणाली. "पण हेरिटेज म्हणून कोणी ऐकत होतं का?"