पाणी चढलं की पायरी खचली?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती भरतीमास्तर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी आणि चहाच्या किटलीकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

बंदरातल्या नोंदी तपासण्यात माझा जन्म गेला. संशय हा माझा धंदाच. मघाशी गुच्छ दिलात, तेव्हाही मी आधी कागद उचकटून पाहिला.

मास्तरांनी तीस वर्षं धक्क्यावरच्या मोजपट्टीवर समुद्राची पातळी वाचली. त्यांच्या वहीत पाणी अठरा सेंटिमीटर चढलं, शेजारच्या बंदरात फक्त नऊ. समुद्र एकच ना? मग आमच्याच दारात त्याला एवढा ऊत का? मला वाटलं, हा गृहस्थ घरी बसून आकडे ठोकतो. मी पाळत ठेवली. भर पावसातही स्वारी पट्टीपाशी हजर! माझा संशय आणखी वाढला. एवढा नियमित माणूस सरळ असतो होय?

पट्टी ढळली का, हे आम्ही दरवर्षी कार्यालयाच्या पायरीवरच्या पितळी खुणेपासून तपासायचो. केसभरही फरक नाही. म्हणजे चोर मास्तरच! त्यांच्या बढतीच्या कागदावर मी शेरा मारला, 'नोंदी विश्वासार्ह नाहीत.'

गेल्या महिन्यात मास्तर म्हणाले, "साहेब, जाता जाता एकदा टेकडीवरच्या कातळापासून मोजू या?"

मी म्हटलं, "आता काय नवीन निघणार?"

"पायरीच खाली गेली असेल तर?"

सुट्टीच्या दिवशी गेलो. माझा कोणावरच विश्वास नाही, म्हणून पातळी मोजायच्या दुर्बिणीला डोळा माझा, समोर उंचीची पट्टी धरायला वहिनी. तीस वर्षांपूर्वीच्या नोंदीशी ताडलं, तर पायरी नऊ सेंटिमीटर खचलेली निघाली! मोजपट्टीही तिच्यासोबत तेवढीच. धक्का, कार्यालय, हे सभागृह, सगळं भरावावर उभं. भराव दबतोय, त्यात खालचं पाणी आपण पंपाने उपसतोय. समुद्र निम्मा चढला, निम्मे आपण उतरलो. मास्तरांच्या वहीत दोन्ही खरं उतरलं होतं. मी मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.

अध्यक्षांचे, आयोजकांचे आणि माझं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. शेवटी बोलण्यातल्या चुकांची क्षमा मागायची रीत आहे. माझी चूक बोलण्यात नाही, त्या शेऱ्यात आहे. आज सकाळी तो मी खोडला, पण गेलेली बढती परत येत नाही. मास्तर, वहिनी, मला माफ करा.

वहिनी हसताहेत. ते हसू खरं की वरवरचं, हे आज मी तपासणार नाही.