तापलेलं इंजिन

"रसूलला काढूनच टाकतो, गाडी नीट ठेवत नाही," असं मामंजी सासूबाईंना म्हणाले. दाराआड मी होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आदल्या दिवशी करमाळ्याहून सोलापूरला येताना ड्रायव्हर रसूलचाचा सारखे थांबत होते. मोटारीत मी पहिल्यांदाच बसलेले. पोटात ढवळत होतं, पण नव्या सुनेनं सांगायचं कसं? आरशात माझं उतरलेलं तोंड दिसलं की चाचा म्हणायचे, "साहेब, इंजन लई तापलंय, पाणी घालतो." ते भरलेल्या रेडिएटरात पाणी ओतायचे, तेवढ्यात मी बाभळीमागे जाऊन यायचे.

आता मामंजींनी चाचांना बोलावून जाब विचारला, तरी ते म्हणाले, "व्हय साहेब, माजंच चुकलं."

तेव्हा मी पुढे झाले.

"मामंजी, इंजिन थंडच होतं. मला ओकाऱ्या होत होत्या. नवा ड्रायव्हर आणलात, तर पुढच्या खेपेला गाडीतच होतील."