दस्तीखालचा सौदा

विजयसिंह : म्हणजे भाड्याची खोली पाहण्याआधी पाचशे रुपये, आणि खोली मिळाली नाही तरी ते परत नाहीत?

आसाराम : फॉर्म फी हाय सर ती. लोक येतेत, चहा पितेत, पुन्हा तोंड दाखवत न्हाईत.

विजयसिंह : चहा देण्याचा आग्रह आपलाच. शिवाय आपणही माझी परीक्षा घेतलीत. गाव कोणते, नोकरी कोणती, मटण खाता काय! मी त्याची फी मागितली?

आसाराम : आता सवालालाबी फी?

संस्कृती : बाबा, सकाळपासून सामान घेऊन चार घरं झाली. प्रत्येक ठिकाणी तुम्ही भांडलात.

विजयसिंह : भांडलो नाही. युक्तिवाद केला.

संस्कृती : आज इथंही नाही जमलं, तर उद्यापासून धर्मापुरीहून एसटीनं कॉलेजला यायचं मी?

विजयसिंह : अन्यायापुढे मान तुकवण्यापेक्षा एसटी बरी. आसारामराव, आपण बैलांचे व्यापारी. बैलाचे दात पाहण्याचे पैसे घेता काय?

आसाराम : बैल दाखवायला जिना चढावा लागत न्हाई, सर. माझे गुडघे गेलेत.

रतनबाई : म्हनून मीच दाखवली. तुमी दोघं भांडत होतात तवा पोरगी वर जाऊन आली.

आसाराम : फुकट?

संस्कृती : बाबा, मोठी खिडकी आहे. मला हीच खोली हवी.

विजयसिंह : खोलीविषयी वाद नाहीच. वाद तत्त्वाचा आहे.

रतनबाई : आवो, फी-बी सोडा. बाजारातल्यासारखा इसार धरा. खोली दिली तर भाड्यात वळता, न्हाई दिली तर वापस.

आसाराम : अन् इसार किती?

रतनबाई : ती खांद्यावरची दस्ती कशाला हाय? टाका हातावर, बोटं धरून आकडा ठरवा. अन् सर, हात दस्तीखाली हायेत तवर तोंड उघडायचं न्हाई. बाजाराचा नेम हाय.

विजयसिंह : परंतु युक्तिवादाविना निर्णय म्हणजे—

रतनबाई : हात आत घाला.

(दोघांचे हात दस्तीखाली जातात. आत बोटं हलतात. विजयसिंहांच्या भुवया तेवढ्या वरखाली होतात.)

आसाराम : जमलं! काडा हात.

विजयसिंह : उत्तम. आता भाडेकराराविषयी माझे काही मूलभूत आक्षेप—

संस्कृती : काका, हात काढू नका. मी सामान वर नेते.