पाटावरचा हत्ती

समारंभाचे अध्यक्ष, दहिवलीचे इनामदार माननीय अण्णासाहेब, व्यासपीठावरील शाळा-समितीचे सन्माननीय सभासद, सत्कारमूर्ती गणपुले मास्तर, जमलेल्या माता-भगिनींनो, ग्रामस्थहो आणि पुढच्या सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या मुला-मुलींनो,

मास्तर उद्या सकाळच्या गाडीने मुंबईला निघाले. मुलांची चित्रांची पुस्तकं लिहायला आणि रंगवायला तिथल्या छापखान्याने त्यांना कायमचं बोलावून घेतलं आहे. त्यांच्याबद्दल मी चार गोड शब्द बोलावेत, अशी अण्णासाहेबांची आज्ञा आहे. आज्ञा मोडवत नाही म्हणून उभा राहिलो. शब्द गोड निघतील, याची हमी मात्र देत नाही.

मास्तरांच्या हाताला तोड नाही, हे कोण नाकारील? त्यांच्या पुस्तकातला बैल पाहून कळंबच्या भिवाजीने त्याला नावाने हाक मारली होती! कारण भिवाजीचाच बैल तो. मास्तरांना समोर नमुना लागतो. बेडूक काढायचा तर बेडूक परातीखाली झाकलेला, घुबड काढायचं तर घुबड पिंजऱ्यात. पुढे गोष्टीत हडळ आली. आता हडळीचा नमुना आणावा कुठून?

तो त्यांनी माझ्या घरात शोधला.

गोदाक्का माझी थोरली बहीण. लहानपणी देवी आल्या, त्यात तिचा एक डोळा गेला, तोंडभर वण राहिले. लग्न जमलं नाही. पण गावातल्या पोरांनी तिच्या तोंडाकडे कधी पाहिलंच नव्हतं, पोरं पाहायची ती तिच्या ओंजळीतल्या करवंदांकडे. मुलींचा भोंडला तर दरवर्षी तिच्याच अंगणात. मधोमध पाट, पाटावर तिने तांदळांनी काढलेला हत्ती, भोवती मुलींचा फेर, आणि शेवटी खिरापत ओळखायची गडबड.

मास्तर आमच्या ओटीवर दुपारभर कागद घेऊन बसले. अक्काने ठेवणीतलं लुगडं नेसलं. मला हळूच म्हणाली, "हिरामणा, मास्तर माजं चित्तर काढतात रं! कुकू नीट लागलंय ना?" मास्तरांना तिने दूध-पोहे दिले. ते त्यांनी मागून घेऊन खाल्ले, हेही सांगायला हवं.

पुस्तक छापून आलं. शेजारची जना ते दाखवायला धावत आली. अक्काच्या मांडीला टेकून पानं उलटता उलटता हडळीचं पान आलं. पोरीने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा अक्काकडे, आणि किंचाळत पळाली. अक्का मला म्हणाली, "ही मीच हाय ना रं?"

मी मास्तरांना जाब विचारला. तर म्हणाले, "हिरामणराव, मुलं भ्यायली म्हणजे चित्र साधलं!"

साधलं मास्तर, छान साधलं! गेल्या वर्षी भोंडल्याला आमच्या अंगणात एक मुलगी फिरकली नाही. हत्ती पाटावर तसाच राहिला. खिरापतीची उसळ संध्याकाळी गुरांपुढे टाकली. सभाजनहो, या कलेला तुम्ही खुशाल टाळ्या द्या. माझे हात उचलत नाहीत. मला मास्तरांचा राग आहे, आणि तो निरोपाच्या पेढ्याने जायचा नाही.

आज पुन्हा भोंडला आहे. अक्काने सकाळी पाट मांडला, उसळ शिजवली. हत्ती काही काढला नाही. "कुनासाठी काडू?" म्हणाली.

कार्यक्रमाप्रमाणे मास्तरांना शाल मी घालायची आहे. ती शाल मी इथे आणलेली नाही. ती गोदाक्काजवळ आहे. शाल हवी असेल तर मास्तरांनी आमच्या अंगणात यावं आणि पाटावर हत्ती काढावा. आपल्या कर्जत तालुक्यात समोर उभा करायला हत्ती मिळायचा नाही, तेव्हा एकदा नमुन्यावाचून काढा. शाल अक्का घालील.

अध्यक्षांनी बोलू दिलं, सभेने ऐकून घेतलं, त्यांचा मी ऋणी आहे. मंगल प्रसंगी कडू बोललो, ते सभेने पोटात घालावं. मास्तरांची मात्र मी क्षमा मागत नाही.

उठा मास्तर. या मुली तुमच्या मागे कुठेही येतात. आज त्यांना अक्काच्या अंगणात घेऊन चला.