मिरजेतला लॉज अन् आमची पेटी

मिरजेत मी एकदा गायलो, तर अख्खा लॉज खोल्या सोडून जिन्यात आला. ऐकायला आला, असं मात्र मी म्हणत न्हाई.

केबल टीव्ही नवा होता तेव्हाची गोष्ट. नेकनूरच्या आमच्या भजनासाठी मी अन् किराणावाला भीमाप्पा मिरजेला बाजाची पेटी घ्यायला गेलतो. पेटीवाला म्हणाला, "लॉजवर नेऊन वाजवून बघा. सूर हलला तर सकाळी बदलून देतो." म्हणजे वाजवू देईल असा लॉज पाहिजे. दोन लॉजवाल्यांनी पेटी बघूनच हात जोडले. तिसऱ्या लॉजची मालकीण बाई होती, अन् तिच्या डोक्यावर भिंतीला पाटी: खोलीत गाण्यास सक्त मनाई आहे.

मी म्हणलं, "बाई, ह्या गावात गल्लोगल्ली तंबोरे बनतात, अन् तुमी गाण्याला बंदी कावून घालता?"

"गिऱ्हाईक झोपायला येतंय, काका."

"मग वर टीव्ही बोंबलायलाय, तो चालतो? त्यानं काय तुमाला भाडं दिलंय?"

भीमाप्पा माझा सदरा ओढायला लागला. "चल बे, स्टँडवर झोपू."

"न्हाई. आज हितंच."

पेटी जिन्याच्या पायरीवर मांडली अन् खड्या आवाजात भजन धरलं. एकेक दार उघडलं. वरचा टीव्ही बंद झाला. जिना माणसांनी भरल्यावर मी थांबलो अन् बाईकडं ऐटीत बघितलं.

"आता सांगा, बंदी कशाला हाय?"

"गाण्याला हाय, काका," बाई म्हणाली. "तुमचं चालू द्या की."